इंदुरात मिळणारा ‘स्की-सेट’ घेण्याआधी शिवण उलटून बघा

औली-गुलमर्गला स्कीइंगला निघालेल्यांना इंदुरातल्या एका दुकानात तीन कपड्यांचा ‘स्की-सेट’ गळ्यात मारला जातो: आत मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), मध्ये डाउन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं जॅकेट), वर वॉटरप्रूफ जॅकेट. आमच्या ग्रुपमधल्या काहींनी तो ९,५०० रुपयांना घेतला. तिन्हींतला एकही कपडा सांगितला तसा निघाला नाही.

दुकानात हे कळत नाही, कारण नुसतं उभं राहिलं की कुठलंही जाड कापड उबदारच वाटतं. खरी परीक्षा घामाची. उतारावर अंग तापतं, घाम येतो आणि डोंगरावर नेणाऱ्या उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर बसलं की वारा लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणून अंगालगत सुती कपडा सगळ्यात घातक. ‘मेरिनो’मध्ये नेमकं सूतच मिसळलेलं होतं. शिवणीच्या आतून एक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांनी चुरडते. सूत कागदासारखं जळत जातं. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टरचं थर्मल वाईट नाही, ते लवकर वाळतं. पण त्याला मेरिनोचा भाव कशाला द्यायचा?

वरच्या जॅकेटवर दुकानदार बाटलीतलं पाणी ओततो, थेंब घरंगळून जातात आणि गिऱ्हाईक भुलतं. ती फक्त कापडावरच्या लेपाची करामत. लिफ्टच्या ओल्या सीटवर वजन पडलं की पाणी दाबाने आत शिरतं, तेही आधी शिवणीतून. जॅकेट उलटं करा: प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. या जॅकेटला फक्त खांद्यावर होती. लेबलवर कापड झेलू शकतं तो पाण्याचा दाब (१०,००० मिमी, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा) आणि घामाची वाफ बाहेर जाण्याचा आकडा, दोन्ही बघा. रबरी अस्तर असेल तर पाऊस अडेल, पण घाम आतच साचेल.

डाउनचं सोपं आहे. चिमटीत दाबलं की पिसांचे बारीक काटे अधूनमधून टोचतात. इथे सगळीकडे एकसारखा मऊ कापूस लागला.

परत करायला गेल्यावर दुकानदाराने बिल पुढे केलं, त्यावर फक्त ‘वूलन आयटम’ लिहिलेलं. म्हणून पैसे देण्याआधीच बिलावर कापडाचा प्रकार आणि टक्केवारी लिहून घ्या. मग दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, आणि लेबलचा फोटो जोडायला विसरू नका.