टॅरोचा हर्मिट, तोही ब्रिक्समध्ये!

ठाण्यात राम मारुती रोडच्या मागे एका छोट्या दुकानात टॅरोमधल्या (भविष्य सांगायच्या पत्त्यांमधल्या) हर्मिटची, म्हणजे कंदीलवाल्या म्हाताऱ्या संन्याशाची, लेगोसारख्या ब्रिक्सची कस्टम फिगर बनवून घेतली, बहीण टॅरोवेडी आहे, काय करणार. पमेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेल्या १९०९ च्या पत्त्याचा फोटो दाखवला तर दुकानातल्या पोराने लगेच पांढरी दाढी, पिवळी काठी, बर्फाच्या डोंगरासाठी पांढरे स्लोप (उतरते ब्रिक्स) काढून समोर मांडले. कंदील तर एक नंबर, आतला सहा टोकांचा तारा एवढ्याशा तुकड्यात बसणार कसा, तर पठ्ठ्याने पारदर्शक पिवळ्या गोल तुकड्यावर प्रिंटच मारून दिला! राखाडी कापडी झग्याच्या कडा मात्र आत्ताच उसवायला लागल्यात, एवढे पैसे घेऊन हे नाही चालत बॉस. आता हँग्ड मॅन (एका पायावर उलटा लटकलेला, दुसरा पाय आडवा दुमडलेला माणूस, तोही टॅरोचाच पत्ता) सांगितलाय, पण मिनीफिगरचा (ब्रिक्सच्या छोट्या माणसाचा) पाय आडवा दुमडत नाही, त्यामुळे पाय वेगळ्या ब्रिक्सचे करू म्हणाला.