ठाणे-वाशी लोकलमधला माझा डेक: पोकेमॉन टीसीजी पॉकेट

ठाण्याहून वाशीला जाताना घणसोलीपर्यंत या मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळाचा एक डाव आरामात होतो. डेक, म्हणजे खेळायला निवडलेला संच, फक्त 20 पत्त्यांचा, एका नावाचे जास्तीत जास्त 2, म्हणून प्रत्येक पत्ता तोलूनच घ्यावा लागतो.

माझा सगळा भरवसा पिकाचू ईएक्सवर (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचा पोकेमॉन). बेंचवर, म्हणजे मागच्या तीन राखीव जागांवर, तिन्ही विजेचे पोकेमॉन बसले की दोनच एनर्जीत (हल्ल्यासाठी लागणारी ऊर्जा) 90 चा फटका! आधी मी पाच-सहा ईएक्स कोंबले होते. पण ईएक्स पडला की समोरच्याला 2 गुण, आणि 3 गुणांत डाव खलास. आता पिकाचू दोन, झॅपडॉस ईएक्स एकच. डेकमधून पत्ते हातात आणणारे पोके बॉल, प्रोफेसर्स रिसर्च दोन-दोन, ते हलवायचे नाहीत.

रोज पत्त्यांची दोन पाकिटं फुकट मिळतात. दुसरा पिकाचू मी एक रुपयाही न भरता 500 पॅक पॉइंट (पाकीट उघडलं की मिळणारे गुण) साठवून घेतला. त्या दिवशी कोपरखैरणे कधी गेलं, कळलंच नाही.