बेंजो स्पर्धेची प्रवेश फी भरण्याआधी हे वाचा

आमची बेंजो पार्टी, म्हणजे बेंजो हे कळांचे तंतुवाद्य घेऊन मिरवणुकीत वाजवणारा संच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीची आहे. आम्ही चौदा जण आहोत. त्यांतले निम्मे मुंबईला नोकरीला असतात आणि गणपतीला, माघी गणेशजयंतीला व शिमग्याला गावी येतात, तर उरलेले बागांत राबतात किंवा रिक्षा चालवतात. पार्टीचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे गेल्या फेब्रुवारीत जे घडले त्याची पहिली जबाबदारी माझी आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही पार्टीवर तशी वेळ येऊ नये म्हणून मी ते जसे घडले तसे लिहीत आहे.

आम्ही कशाला भुललो, ते आधी सांगितले पाहिजे. बेंजो वाजवणाऱ्याला समोर बसून ऐकणारा श्रोता फार क्वचित मिळतो. मिरवणुकीत टेम्पोवर स्पीकर, मागे जनरेटर, भोवती ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅड असा सगळा थाट असतो; लोक मनापासून नाचतात, पण डाव्या हाताने कळा दाबत उजव्या हातातल्या नखीने तारा छेडणाऱ्या माणसाने घेतलेली एखादी नाजूक हरकत त्या गर्दीत कोणाच्याही कानी पडत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावी नाट्यगृहात बारा स्थानिक पार्ट्यांची स्पर्धा होणार, प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीवर बसणार आणि परीक्षक एकेका वादकाला गुण देणार, असे जेव्हा एका संयोजकाने येऊन सांगितले, तेव्हा आमच्या पोरांचे डोळे चमकले. पहिले बक्षीस ५१,००० रुपयांचे होते, पण खरे सांगायचे तर बक्षिसापेक्षा त्या खुर्च्यांचेच आकर्षण आम्हाला जास्त होते.

अटी अशा होत्या: प्रवेश फी ३,००० रुपये, परत मिळणारी अनामत १,००० रुपये, आणि प्रत्येक पार्टीने आपापल्या गावात १५० रुपयांची ५० तिकिटे खपवून त्याचे पैसे कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी जमा करायचे. म्हणजे एका पार्टीमागे ११,५०० रुपये आणि बारा पार्ट्यांचे मिळून १ लाख ३८ हजार रुपये एकही सूर वाजण्याआधी संयोजकाच्या हाती पडणार होते. हा गुणाकार मी त्या वेळी केला नाही. संयोजकाने स्वतःच्या खिशातून काय घातले होते, हाही प्रश्न विचारला नाही. आमच्याच भावकीला, आमच्याच हातून, आमच्याच शब्दावर तिकिटे विकली गेली होती, आणि मला सर्वांत जास्त टोचते ते हेच.

खुणा त्या वेळीही दिसत होत्या. पैसे भरायला दिलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संयोजकाच्या संस्थेचे नाव न येता कोणा तिसऱ्याच व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘खजिनदारांचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही ते मानले. पावतीवर संस्थेचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले होते, पण नोंदणी क्रमांक नव्हता. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी शोधता येते, हे मला पैसे गेल्यावर समजले.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा नाट्यगृहाला कुलूप होते आणि मागच्या उघड्या पटांगणात मंडप घातलेला होता. ‘आतली वीज बिघडली आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात नाट्यगृहासाठी केवळ तोंडी चौकशी झाली होती, भाडे कधी भरलेच गेले नव्हते, असे तिथल्या कर्मचाऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. सातचा कार्यक्रम आठला सुरू झाला. प्रत्येक पार्टीला वाजवायला पंचवीस मिनिटे आणि सामान लावायला दहा, या हिशेबाने बारा पार्ट्यांना सात तास लागतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे, पटांगणाला नाही. दहा वाजता चौथी पार्टी ऐन रंगात असताना पोलिस आले आणि त्यांनी आवाज बंद करायला लावला. त्यांनी त्यांचे काम केले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचा क्रमांक सातवा होता. आमच्या वादकाने पेटीच्या तारा दोनदा जुळवून ठेवल्या होत्या. त्याने काही न बोलता पेटीवर कापड घातले.

संयोजकाने माईकशिवायच ओरडून सांगितले की पोलिसांनी कार्यक्रम बंद केल्यामुळे स्पर्धा रद्द झाली आहे आणि तिकिटामागच्या अटीनुसार पैसे परत मिळणार नाहीत. ती अट तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत खरोखरच छापलेली होती. त्यामुळे माझे ठाम मत असे झाले आहे की कार्यक्रम अर्ध्यावर बंद पडणे हीच त्याची योजना होती: बक्षीस द्यावे लागत नाही, अनामत अडकते आणि दोष पोलिसांवर जातो. साडेदहापासून त्याचा फोन बंद आहे. मंडपवाल्याचे पैसेही बुडाले आहेत.

आम्ही तिसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली. ती त्याच रात्री करायला हवी होती, कारण पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर सहा पार्ट्यांनी मिळून पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा लेखी अर्ज दिला आहे. वाडीतल्या ५० तिकिटांचे ७,५०० रुपये आम्ही शिमग्याच्या सुपाऱ्यांतून घरोघरी परत केले.

यापुढे कोणी असे आमंत्रण घेऊन आला तर आम्ही प्रथम सभागृहाच्या कार्यालयात स्वतः जाऊन भाड्याची मूळ पावती पाहणार आहोत, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीची प्रत मागणार आहोत, आणि तिकिटाचे पैसे कार्यक्रम पार पडेपर्यंत आमच्याजवळच ठेवणार आहोत. ज्याला हे मान्य नसेल त्याच्याकडे आम्ही वाजवणार नाही. रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातल्या ज्या पार्ट्यांकडे अशा बिननोंदणीच्या पावत्या असतील त्यांनी त्या, तिकिटांची उरलेली स्थळप्रत आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि आपल्या ठाण्यात अर्ज द्यावा. आमच्या अर्जाला त्याने बळ मिळेल.