स्पार्कस्टेशनला अखेर सापडलेला सीडी ड्राइव्ह: प्लेक्सटॉर अल्ट्राप्लेक्स 40मॅक्स

माझं स्पार्कस्टेशन 20 (सन कंपनीचा जुना वर्कस्टेशन संगणक) तीन महिने नुसतं बसून होतं. सोलारिस 2.6 ची (सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) सीडी घालून मशीन सुरू होतानाच्या 'ओके' प्रॉम्प्टवर 'बूट सीडीरॉम' दिलं की दर वेळी तेच उत्तर: 'बॅड मॅजिक नंबर इन डिस्क लेबल'. सीडी पुसली, केबल बदलली. तीच सीडी घरातल्या पीसीवर सुरळीत वाचली जायची, त्यामुळे जास्तच चिडचिड व्हायची.

'सनला कुठलाही स्कझी ड्राइव्ह चालतो,' असं पहिला ड्राइव्ह विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं (स्कझी म्हणजे अशा मशीनांना ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत). चालत नाही! सीडीवरचा डेटा सेक्टर 2048 बाइटचा असतो, पण सनचं ओपनबूट (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) 512 बाइटच्या ब्लॉकनेच वाचायला जातं. ड्राइव्ह तसा ब्लॉक देत नसेल, तर मशीनला सीडीवरचं लेबलच (डिस्कची ओळख सांगणारी नोंद) सापडत नाही.

प्लेक्सटॉर मी घेतला तो नेमका यासाठी. ड्राइव्हच्या पाठीमागे आयडीच्या (ड्राइव्हचा स्कझी क्रमांक ठरवणाऱ्या) पिनांशेजारी 'ब्लॉक' लिहिलेली पिनांची जोडी आहे; ती जोडली की ड्राइव्ह 512 बाइटचे ब्लॉक देतो. नखाएवढा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) तिथे बसवला, आयडी 6 केला (ओपनबूट सीडी तिथेच शोधतं), 'प्रोब-स्कझी' ही जोडलेले ड्राइव्ह दाखवणारी आज्ञा दिली. टार्गेट 6 वर 'रिमूव्हेबल रीड ओन्ली डिव्हाइस' दिसलं. मग बूट. सोलारिसचं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

पूर्ण वेगात ड्राइव्ह बराच घोंघावतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर त्रास होईल. पण ओरखडे पडलेल्या जुन्या सीड्या त्याने निमूट वाचल्या, आणि मला तेच हवं होतं.

इन्स्टॉल झाल्यावर मात्र एकदा सीडी बाहेरच येईना, 'डिव्हाइस बिझी'. त्यात ड्राइव्हचा दोष नाही. दुसऱ्या खिडकीतलं शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) सीडीच्या डिरेक्टरीत उभं होतं. 'फ्यूजर -सी' (सीडी कोण वापरतंय ते सांगणारी आज्ञा) दिल्यावर त्याचा प्रोसेस क्रमांक मिळाला, तिथून 'सीडी /' (डिरेक्टरी बदलायची आज्ञा) करून बाहेर पडले, मग 'इजेक्ट' चाललं. हातानं सीडी माउंट करतानाही (सिस्टिमच्या डिरेक्टरीत जोडतानाही) 'बिझी' आलं, तर आधी व्होल्ड या सोलारिसच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामकडे बघा. तो सीडी आपणहून /सीडीरॉमखाली माउंट करतो.

मला हा 45 डॉलरला पडला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचं वीअर्डस्टफ हे जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान 2018 मध्ये बंद झाल्यापासून हातात धरून, उलटून बघून घेणं इथे अवघडच झालंय. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून ड्राइव्हच्या पाठीचा फोटो मागवा आणि त्यात 'ब्लॉक'च्या पिना वाकलेल्या नाहीत ना, ते नीट बघा.