एकच मॉडेल, दोन फोन आणि अपडेटची वाट: चौदा महिन्यांनंतर

फोन घेऊन चौदा महिने झाले. कॅमेरा उत्तम, बॅटरी अजूनही दिवसभर पुरते, स्क्रीनला नाव ठेवायला जागा नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते अपडेटबद्दल.

मी हा फोन मोबाइल नेटवर्क कंपनीच्या प्लॅनबरोबर घेतला. धाकट्या बहिणीने महिन्याभराने तोच फोन, तोच रंग, पण प्लॅनशिवाय सुटा घेतला. सहाव्या महिन्यात तिला अँड्रॉइडची नवी आवृत्ती मिळाली. मी रोज रात्री फोन चार्जिंगला लावताना सेटिंग्जमध्ये जाऊन बघायचे आणि रोज एकच ओळ दिसायची, 'तुमचा फोन अद्ययावत आहे'. असे सात आठवडे गेले.

शेवटी दोन्ही फोन शेजारी ठेवून 'फोनविषयी' उघडलं. मॉडेल नंबरची सुरुवात सारखी, शेवटची अक्षरं वेगळी. बिल्ड नंबर, म्हणजे फोनमधल्या सॉफ्टवेअरच्या नेमक्या प्रतीचा क्रमांक, तोही वेगळा. म्हणजे अपडेट पाठवणाऱ्याच्या लेखी हे दोन निरनिराळे फोन आहेत.

मग या रस्त्याची माहिती काढली. गूगल अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला करतं. चिप बनवणारी कंपनी त्याला जुळणारे ड्रायव्हर, म्हणजे अँड्रॉइडला ती चिप वापरता यावी यासाठीचे प्रोग्रॅम, देते. त्यावर फोन कंपनी आपला इंटरफेस चढवते, तपासते. सुटा फोन असेल तर इथून अपडेट बाहेर पडतं. माझ्यासारखा असेल तर ते आधी नेटवर्क कंपनीकडे जातं: कॉल, मेसेज, आणीबाणीचे नंबर, सगळं त्यांच्या नेटवर्कवर पुन्हा तपासायचं. एक जरी दोष सापडला तरी बिल्ड परत फोन कंपनीकडे, आणि तपासणी पुन्हा सुरू. आणीबाणीचा कॉल लागलाच पाहिजे, त्यामुळे या तपासणीला माझा विरोध नाही. मंजुरीनंतरही आधी थोड्याच फोनना पाठवतात आणि गडबड दिसली नाही तर बाकीच्यांना. तेही योग्यच.

नव्या आवृत्तीसाठी मी थांबेन. सुरक्षा पॅचचं, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटचं, मात्र तसं नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने फोनचा ताबा जाऊ शकत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षा बुलेटिन, म्हणजे अशा त्रुटींची जाहीर यादी, काढू लागलं. फोन कंपन्यांना त्यातल्या त्रुटी किमान महिनाभर आधी कळवल्या जातात. बुलेटिन आलं की त्रुटी जगजाहीर होते, आणि माझ्या फोनवरची पॅचची तारीख तीन-तीन महिने जुनी! वर 'अद्ययावत आहे' ही ओळ. तिचा खरा अर्थ एवढाच, की तुमच्या बिल्डसाठी सर्व्हरवर सध्या काही ठेवलेलं नाही. हे वाक्य बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सुधारणा झाल्यात, हेही सांगते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने ड्रायव्हरचा थर वेगळा केला, त्यामुळे दर वेळी चिप कंपनीसाठी अडून राहावं लागत नाही. अँड्रॉइड १० पासून काही भाग गूगल प्ले सिस्टीम अपडेटमधून थेट येतात. त्याची तारीख सेटिंग्जमध्ये वेगळ्या ओळीत असते. माझ्याकडे ती बरीच ताजी होती आणि तीच पॅचची तारीख समजून मी कित्येक दिवस निर्धास्त होते. दोन्ही ओळी बघा. आयफोनला हा फेरा नाही, तिथे अपडेट थेट ॲपलकडून येतं.

अपडेट आल्यावर मात्र त्रास शून्य. डाउनलोड मागच्या मागे होतं, एकदा रीस्टार्ट केला की काम झालं.

गूगलच्या पिक्सेल ८ फोनपासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन मिळू लागलंय. चांगलंच आहे, पण त्यात वर्षं मोजलीत, आठवडे नाहीत. घेण्याआधी विक्रेत्याकडून मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या आणि त्याच नंबरच्या फोनवर शेवटचा पॅच कधीचा आहे ते बघा. मी नुसतं मॉडेलचं नाव बघितलं होतं.

फोनला पाचपैकी साडेचार, अपडेटला दोन. प्लॅनची मुदत संपायला दहा महिने आहेत. पुढचा फोन सुटा घेणार.