पॉड ॲल्युमिनियमचा की पीपीचा?

स्वतःच्या नावाचा कॉफीचा किंवा मसाला चहाचा पॉड (यंत्रात घालायची एका कपाची बंद डबी) काढायचा म्हटलं की भोसरी-चाकणकडचा मोल्डर, म्हणजे प्लास्टिकचे साचेकाम करणारा, पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) दर सांगतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. दर कमी असतो, त्यात वाद नाही. पण साच्याचे पैसे भरण्याआधी थोडं थांबा.

आधी यंत्र बघा. क्युरिग या अमेरिकी कंपनीच्या जातीच्या यंत्रात दोन सुया असतात, एक झाकणातून आणि एक तळातून. त्यासाठी पॉड करणार असाल तर पीपीला फारसा पर्याय नाही. नेस्प्रेसो ओरिजिनल या एस्प्रेसो यंत्राच्या जातीत पॉडच्या घुमटाला पाती भोकं पाडतात आणि पुढची फॉइल पाण्याच्या दाबाने जाळीदार चकतीवर फुगून फाटते. इथे दोन्ही चालतात, त्यामुळे खरी निवड इथेच आहे.

पीपीची खोड अशी की ते फाटण्याआधी ताणलं जातं. सुईच्या किंवा पात्याच्या टोकाखाली पांढरं पडतं, आत झुकतं आणि शेवटी फाटलं तरी एक जीभ लोंबत राहते. तीच जीभ पाण्याची वाट अडवते. यावरचा इलाज भिंत पातळ करणं नव्हे, कारण मग पॉड खोक्यातच चेपतो. भिंत ०.७ मिमीच्या आसपास राहू द्या. फक्त टोचायच्या जागी ०.२५ ते ०.३ मिमीची चकती ठेवा आणि तिच्याभोवती फासळ्यांचं कडं करा, म्हणजे चकती दबून खाली जात नाही. साच्याचं गेट (वितळलेलं प्लास्टिक आत शिरतं ते तोंड) त्या चकतीवर येऊ देऊ नका. गेटचा जाड ठिपका नेमका टोकाखाली आला की बाकीची मेहनत वाया. उलट गेट फार लांब नेलं तर पातळ चकती भरण्याआधीच थिजते आणि तिथे भोक राहतं.

मोल्डर टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घालायला सुचवतो. २० टक्के टाल्कने पॉड ताठ होतो, टोचणंही स्वच्छ होतं. मात्र घनता ०.९ वरून १.०५ च्या आसपास जाते. पीपी पाण्यावर तरंगतं म्हणून तर रिसायकलिंगच्या धुण्याच्या टाकीत ते वेगळं निघतं. तुमचा पॉड मात्र तळाशी बसून पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या) तुकड्यांत मिसळणार.

पीपी ऑक्सिजनही नीट अडवत नाही, त्यामुळे आत ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर द्यावा लागतो. ॲल्युमिनियमला ही भानगड नाही. साधारण ०.१ मिमीचा पत्रा, आतून लॅकरचा लेप, वर ०.०३ ते ०.०४ मिमीची फॉइल. त्याची दुखणी वेगळी. कडा जरा चेपली की पाणी कॉफीतून न जाता बाजूने निसटतं आणि कपात पिवळट पाणी येतं, म्हणून ट्रेमध्ये प्रत्येक कॅप्सूलला (ॲल्युमिनियमच्या पॉडला) स्वतंत्र खळगा हवा. ताजी भाजलेली कॉफी वायू निघून जाऊ न देता सील केली तर फॉइल फुगते, आणि माल महाबळेश्वरला चढवलात तर आणखी फुगते. (क्युरिगच्या जातीच्या पीपी पॉडवरची फॉइलही फुगते, पण तिथे सुई टोचते म्हणून ती जाड घेता येते. इथे जाड घेतली की ती यंत्रात फाटतच नाही.)

कंपोस्टेबल पॉड म्हणाल तर साधं पीएलए (वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक) साठ अंशांच्या आसपास नरम पडतं, आणि उष्णता सोसणारं केलं तरी सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं.

माझा कल ॲल्युमिनियमकडे ठरला तो चोथ्यामुळे. पुण्यात सुका कचरा मुख्यतः ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांच्या हातांनी निवडला जातो. ओला चोथा भरलेला पॉड, मग तो कशाचाही असो, सुका कचरा राहत नाही आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. पीपीच्या पॉडवरची फॉइल सोलायला जावं तर मध्येच फाटते आणि कडेवर चिकटलेलं चंदेरी कडं उरतं. आत फिल्टरचा कागद वितळवून चिकटवलेला असेल तर तोही फाटतो. ते कडं तसंच दळणात गेलं की पुन्हा बनणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यात धातूचे कण येतात. क्युरिगने पॉड पीपीचे केले, तरी ते रिसायकल होतात या दाव्यात दोन मोठ्या रिसायकलरांचा नकारात्मक अभिप्राय लपवला, म्हणून अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) २०२४ मध्ये कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड केला, तो उगाच नव्हे.

ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलला सुरीने फॉइलवर एक चीर द्या आणि अंगठ्याने घुमट आत दाबा. पत्रा दबलेला राहतो, चोथ्याची वडी बाहेर पडते, कुंडीत जाते. पीपी दाबलं तर परत उसळतं आणि निम्मा चोथा आतच राहतो. शिवाय फॉइल सोलायची गरजच नाही, कारण कॅप्सूल आणि फॉइल दोन्ही एकाच धातूचे.

हे मोजून काढलेले आकडे नव्हेत, हाताला आलेला अंदाज आहे. ॲल्युमिनियमची अडचणही सांगायला हवी: रिकामी कॅप्सूल वजनाला भरते जेमतेम ग्रॅमभर, म्हणजे किलोला हजार लागतात. सुटी दिलीत तर भंगारवाला बघणारही नाही, डबाभर साठवून दिलीत तर घेईल. तेव्हा खोक्यावर तसं मराठीत छापा, आणि जमलं तर रिकाम्या कॅप्सूल परत घ्या.

तरीही पीपीच घ्यायचं असेल तर फॉइलला बोटात धरता येईल एवढी मोठी जीभ ठेवा आणि नमुने आल्यावर वापरलेले, गार झालेले दहा पॉड घरातल्या कोणालाही न सांगता-समजावता सोलायला द्या. किती कडांवर चंदेरी कडं राहतं ते बघा आणि मगच साच्याचे पैसे भरा.