जैवजन्य अमाइन्स मोजताना: सी-१८ कॉलमसोबतचे आठ महिने

नागपुरातील आमच्या अन्नसूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत मी २५० मिमी लांबीचा, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ कॉलम (एचपीएलसी या द्रव-क्रोमॅटोग्राफी यंत्रातील, मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) सातत्याने वापरला. किनाऱ्यावरून बर्फात आलेल्या बांगड्यातून वेगळे केलेले जीवाणू हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून किती हिस्टामाइन तयार करतात, हे मोजणे हे मुख्य काम होते. हिस्टामाइन हे जैवजन्य अमाइन्सपैकी, म्हणजे जीवाणू अमिनो आम्लांपासून बनवतात त्या संयुगांपैकी एक; ते जास्त झाले तर विषबाधा होते. शिजवल्याने हिस्टामाइन नष्ट होत नाही, आणि कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणारी संस्था) माशांतील सुरक्षिततेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठेवली आहे, त्यामुळे आकड्यातली चूक परवडत नाही.

पुट्रेसीन व कॅडॅव्हेरीन ही अशीच आणखी दोन अमाइन्स अतिनील प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून नमुन्यावर आधी डॅन्सिल क्लोराइड या, अमाइन्सना जोडले जाऊन त्यांना प्रकाश शोषायला लावणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करून मग २५४ नॅनोमीटरवर मोजणी करतो. ४० अंशांवर ४५ मिनिटे अंधारात ठेवणे ही पायरी मी एकदाही घाईने उरकली नाही. पावसाळ्यात मात्र डॅन्सिल क्लोराइडची बाटली उघडी राहू देऊ नये, कारण ओलाव्याने ते निकामी होते.

सर्वाधिक शिकवले ते मे महिन्याने. वीज गेल्यावर एसी बंद पडला, खोली तापली आणि टायरामाइन या अमाइनचे शिखर (यंत्राच्या आलेखावरील त्याचा उंचवटा) नेहमीपेक्षा जवळजवळ मिनिटभर आधी आले. आमचा कॉलम ओव्हन केवळ तापवू शकतो, थंड करू शकत नाही, त्यामुळे ३० अंशांवर लावलेला ओव्हन नागपूरच्या उन्हाळ्यात निरुपयोगी ठरतो. तो ४० अंशांवर ठेवल्यापासून शिखरे जागची हललेली नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या महिन्यात प्रत्येक जीवाणू पुट्रेसीन तयार करतो असे दिसत होते. शेवटी जीवाणू न घातलेला रस्सा (जीवाणू वाढवण्याचे द्रव माध्यम) तपासला, तेव्हा तेच शिखर तिथेही उभे होते. ते पुट्रेसीन माध्यमातील यीस्ट अर्कातून आलेले होते. तेव्हापासून कोरा रस्सा आणि १,७-डायअमिनोहेप्टेन हे अंतर्गत मानक (प्रत्येक नमुन्यात ठराविक प्रमाणात घातलेला तुलनेचा पदार्थ) यांशिवाय मी एकही नमुना चालवत नाही.

रश्श्यातील प्रथिनांमुळे जुलैत गार्ड कॉलम (मुख्य कॉलमआधी बसवलेला छोटा संरक्षक कॉलम) तुंबला आणि दाब वाढला. पर्क्लोरिक आम्लाने प्रथिने पाडून, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्यावर तो त्रास थांबला. ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचा खर्च जाणवतो, तरी ज्यांना एकाच धावेत अनेक अमाइन्स हवी आहेत त्यांना मी ही पद्धत निःसंकोच सुचवेन. सप्टेंबरअखेर कॅडॅव्हेरीन आणि हिस्टामाइन यांच्या शिखरांमधील अंतर थोडे घटले आहे, म्हणजे कॉलम थकू लागला आहे, आणि नव्या कॉलमची मागणी मी नोंदवली आहे.